स्क्वेअर फुटातलं शिवार

*चार फूट लांब, चार फूट रुंद आणि सोळा घरं! गच्चीवरच्या एका लाकडी पेटीत भाजी पिकवायला निघालेली एक फ्रीलान्सर, तिचे शेतकरी वडील आणि सोसायटीने दिलेली तीन महिन्यांची मुदत...*

‘स्क्वेअर फूट’ हा शब्द तुम्ही शेवटचा कधी उच्चारलात? बिल्डरच्या साइट ऑफिसमध्ये? की होम लोनचा ईएमआय काढताना? आपल्या पिढीसाठी हे माप फक्त फ्लॅटचा रेट सांगण्यासाठी जन्माला आलंय, असं मलाही वाटायचं. मग एक दिवस कळलं की एका स्क्वेअर फुटात सोळा गाजरं येतात. आणि मी कामाला लागले!

आता थोडी पार्श्वभूमी. मी कोथरूडला भाड्याच्या वन बीएचकेत राहते. चौथा मजला, वर थेट गच्ची. मागच्या पावसाळ्यात आप्पा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडे राहायला आले. साताऱ्याकडे आमची दोन एकर शेती आहे. पण गुडघ्यांनी दगा दिला, डॉक्टरांनी उकिडवं बसायला बंदी केली आणि शेत वाट्याने द्यावं लागलं. चाळीस वर्षं पहाटे पाचला रानात जाणारा माणूस माझ्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून टीव्हीचे चॅनल बदलत होता. मी लॅपटॉपवर डेडलाइन गाठत असायचे आणि आप्पा दर अर्ध्या तासाने खिडकीशी जाऊन आभाळ बघून यायचे. ‘‘पाऊस हाय आज,’’ म्हणायचे. त्या पावसाचं करायचं काय, हा प्रश्न दोघांपुढेही असायचा.

बागकामाचा माझा स्वतःचा रेकॉर्ड म्हणाल तर भीषण. बाल्कनीत बावीस कुंड्या होत्या. त्यातल्या एकोणीस मी तीन वर्षांत यशस्वीपणे मारल्या. उरलेल्या तिघींत कोरफड होती. तिचं श्रेय मला नाही.

रिटायर्ड इंजिनीअरचा वैताग

अशातच एका स्टोरीसाठी वाचताना मेल बार्थोलोम्यू हे नाव समोर आलं. हे गृहस्थ अमेरिकेतले सिव्हिल इंजिनीअर. सत्तरच्या दशकात रिटायर झाल्यावर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बागकामात रमले. तिथल्या सामुदायिक बागेत त्यांना दरवर्षी एकच सिनेमा दिसायचा. वसंतात लोक हौसेने लांबच लांब ओळी पेरायचे, आणि उन्हाळा आला की तण बघून पळून जायचे. ओळीत एकदम पेरल्यामुळे कोबीचे वीस गड्डे एकाच आठवड्यात तयार व्हायचे. वीस गड्डे एका घरात खाणार कोण?

दोन ओळींमध्ये तीन फूट जागा कशाला सोडायची, असं त्यांनी जाणकारांना विचारलं. उत्तर सगळीकडून एकच : पूर्वीपासून तसंच करतात! इंजिनीअर माणसाला हे उत्तर पचणं शक्य नव्हतं. त्यांनी ओळी काढून टाकल्या आणि चौकोन आखले. १९८१ मध्ये त्यांचं ‘स्क्वेअर फूट गार्डनिंग’ हे पुस्तक आलं, पुढे अमेरिकेच्या पब्लिक टीव्हीवर कार्यक्रमही गाजला. २०१६ मध्ये ते गेले, पण त्यांची पेटी जगभर पोहोचली.

पद्धत अगदी एक्सेल शीटसारखी. चार बाय चार फुटांची, सहा इंच खोल पेटी. वरून एकेका फुटावर पट्ट्या किंवा दोऱ्या ताणायच्या की सोळा सेल तयार. प्रत्येक सेलमध्ये वेगळी भाजी. मोठं झाड असेल तर एक. मध्यम असेल तर चार किंवा नऊ. आणि बारकं असेल तर सोळा. ओळींच्या बागेइतकंच पीक पाचव्या हिश्श्याच्या जागेत येतं, असा बार्थोलोम्यूंचा दावा होता.

मी हे सगळं आप्पांना उत्साहाने वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘‘एवढ्यात तर आमची कोंबडी बी बसायची न्हाई.’’

पण रात्री जेवताना ते आपणहून बोलले. ‘‘तुझा तो विंजिनेर बरोबर बोलतोय. दोन ओळींतलं अंतर रोपासाठी नसतंच. बैलासाठी असतं. कोळपं फिरायला जागा लागती. हितं कुठं बैल हाय? हात तर फिरवायचा.’’

झालं! जे समजायला मला अख्खं पुस्तक लागलं, ते आप्पांनी आमटी ओरपताना सांगून टाकलं. कांद्याचं रोप टाकायला ते आयुष्यभर गादीवाफा करत आलेत, चार बोटांच्या अंतराने बी टाकत आलेत. पेटी म्हणजे फळ्या लावलेला गादीवाफाच की.

सेक्रेटरी काका आणि दोनशे किलो

बाल्कनीत ऊन जेमतेम दोन तास. म्हणजे गच्ची हवी. म्हणजे सोसायटीची परवानगी हवी. म्हणजे सेक्रेटरी काका! ‘‘गच्चीवर माती? अजिबात नाही. स्लॅब गळला तर?’’ ही त्यांची पहिली प्रतिक्रिया. खरं तर गळला असता तर आधी माझ्याच बेडवर गळला असता. पण मी पडले भाडेकरू. घरमालकांनी फोनवर ‘बघा बुवा, काय ते सोसायटीला विचारून करा’ म्हणत हात झटकले होते.

काकांची भीती मात्र खोटी नव्हती, हे हिशेब मांडल्यावर मला कळलं. चार बाय चारची सहा इंच खोल पेटी म्हणजे आठ घनफूट, सुमारे २२६ लिटर. त्यात साधी माती भरून भिजवली तर वजन साडेतीनशे-चारशे किलोच्या घरात जातं. इंडियन स्टँडर्ड ८७५ नुसार माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो भार धरला जातो. आपली पेटी दीड चौरस मीटरची. मातीने भरली की ती हा आकडा सहज ओलांडते.

इथे बार्थोलोम्यूंचं मिश्रण कामी आलं. ते पेटीत माती घालतच नाहीत! एक भाग कंपोस्ट, एक भाग पीट मॉस आणि एक भाग व्हर्मिक्युलाइट. पीट मॉस हे थंड देशांतल्या दलदलीतून निघतं. आपल्याकडे त्याऐवजी कोकोपीट आहे, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. पाच किलोची वीट पाण्यात टाकली की फुगून सत्तरेक लिटर होते. मात्र ती दोनतीन पाण्यांतून धुऊन घ्यायची, कारण त्यात क्षार असतात. व्हर्मिक्युलाइटऐवजी मी पर्लाइट वापरलं, कारण नर्सरीत तेच होतं. कंपोस्ट सोसायटीच्याच ओल्या कचऱ्याच्या टाकीतलं, फुकट. हे मिश्रण ओलं असतानाही फळ्यांसकट वजन दोनशे किलोच्या आसपास राहतं.

ओळखीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनीअरला बिल्डिंगचा नकाशा दाखवला. त्याने बीम कुठून जातो ते दाखवून पेटी त्याच्यावरच ठेवायला सांगितलं. ‘‘आणि जमिनीला टेकवू नकोस. विटांवर ठेव. पाणी वाहून गेलं पाहिजे आणि खालचा कोबा दिसला पाहिजे.’’

हा कागद घेऊन मी पुन्हा काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. ‘‘दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत,’’ ते म्हणाले. ‘‘तीन महिने. एक जरी ओल दिसली तर पेटी खाली. आणि उतरवायची तुम्ही, वॉचमन नाही.’’

सोळा घरांचा नकाशा

पॅकिंगच्या पेट्यांच्या फळ्या, तळाला भोकं पाडलेलं प्लायवूड, त्यावर शेडनेटचं अस्तर. वर खिळे ठोकून सुतळीने आखलेली सोळा घरं. सुतळी ताणायचं काम आप्पांनी केलं, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून. चार फूट रुंदी का, हे तेव्हा कळलं. कुठल्याही बाजूने हात दोन फूट आत जातो. आत पाय ठेवायची वेळच येत नाही. पाय पडला नाही की मिश्रण दाबलं जात नाही, आणि मुळांना हवा मिळत राहते. सगळी जादू त्या भुसभुशीतपणात आहे. तुमची पेटी भिंतीला टेकून असेल तर मात्र रुंदी दोनच फूट ठेवा.

आमचा नकाशा असा होता. मेथी दोन घरं, कोथिंबीर दोन, पालक दोन, मिरची दोन. मुळा, गाजर, कांद्याची पात, लेट्यूस, टोमॅटो, वांगं, घेवडा यांना एकेक घर. सोळावं घर झेंडूचं. लेट्यूस माझ्या सॅलडसाठी. आप्पा अजूनही त्याला ‘पाला’च म्हणतात. उंच टोमॅटो उत्तरेच्या कडेला, कारण हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि उंच झाडाची सावली बाकीच्यांवर पडता कामा नये.

पहिल्या आठवड्यात पहिला धडा मिळाला. कोवळे कोंब वर आले आणि कबुतरांनी पार्टी केली. सकाळी बघतो तर पालकाची दोन्ही घरं साफ! आप्पांनी एक शब्द न बोलता बांबूच्या काठ्या वाकवल्या, वरून नायलॉनची जाळी टाकली आणि पालक पुन्हा पेरला.

दुसरी चूक शंभर टक्के माझी. उत्साहाच्या भरात मेथी आणि कोथिंबिरीची चारही घरं एकाच दिवशी पेरली. महिन्याने चारही एकदम तयार. मेथीची भाजी, मेथीचे पराठे, मेथीचं पिठलं, वर कोथिंबीर वडी. आणि पुढचे तीन आठवडे पेटीत काहीच नाही. बार्थोलोम्यू ज्या वीस कोबींवर वैतागले होते, तोच प्रकार मी चार चौकोनांत करून दाखवला होता!

तिथून आम्ही नियम केला. एका रविवारी एकच घर पेरायचं. घर रिकामं झालं की मूठभर कंपोस्ट घालायचं आणि तिथे दुसरंच काहीतरी लावायचं. सोळा घरं असली की आठवड्याचं काम अर्ध्या तासात संपतं. आणि एक घर फसलं तरी पंधरा उरतात.

हे मला नोव्हेंबरात नीटच कळलं. वांग्यावर मावा पडला. साबणाचं पाणी, निंबोळी अर्क, सगळं करून झालं. शेवटी आप्पांनी झाड उपटलं आणि पिशवीत बांधून टाकलं. मी हळहळत होते. ते म्हणाले, ‘‘रानात मावा पडला की एकर जातो. हितं फूटभर गेला. रडतीस कशाला?’’ त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण कुठल्या वर्षी, कुठल्या पिकाचा एकर गेला होता, ते मी विचारलं नाही. त्या वर्षी माझी कॉलेजची फी उशिरा भरली गेली होती, एवढं मला आठवतंय.

आपलेही जाणकार

हे सगळं अमेरिकेतून आलं असं समजू नका हं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, गणित शिकवणारे गृहस्थ. त्यांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना आणि शहरवाल्यांना हेच सांगितलं, की जागा किती यापेक्षा पानांवर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब मांडा, आणि घरातला काडीकचरा वाया घालवू नका. त्यांचं ‘प्लेंटी फॉर ऑल’ हे पुस्तक आजही गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या हातात दिसतं. मुंबईत तेव्हाच्या पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास किचनच्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवली. अमेरिकन पद्धतीने चौकोन दिला, तर कचऱ्यातून कस कसा आणायचा हे इथल्यांनी शिकवलं. आमच्या पेटीत दोन्ही होतं.

काही गोष्टी मात्र पुस्तकातून जशाच्या तशा उचलू नका. सहा इंच खोली पालेभाजीला पुरते, पण आपला लांब पांढरा मुळा तळाला आपटून वाकडा होतो. आमचे नऊच्या नऊ मुळे प्रश्नचिन्हासारखे निघाले! त्यासाठी दहा-बारा इंच हवेत, आणि खोली वाढली की वजनाचा हिशेब पुन्हा मांडायचा. आणि एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या गच्चीवर सहा इंचांची पेटी दुपारपर्यंत कोरडी पडते. तेव्हा वर शेडनेट, मिश्रणावर वाळक्या पानांचं आच्छादन आणि दोन वेळा पाणी. नवख्यांनी सुरुवात दसरा-दिवाळीलाच करावी. पालेभाजीला थंडी मानवते आणि आपल्याला यश लवकर दिसतं.

एका घरात किती?

* एक : टोमॅटो, मिरची, वांगं, कोबी, फ्लॉवर (रोपांत १२ इंच अंतर)
* चार : लेट्यूस, झेंडूच्या बुटक्या जाती (६ इंच)
* नऊ : पालक, बुटका घेवडा, बीट, लांब मुळा (४ इंच)
* सोळा : गाजर, लाल गोल मुळा, कांद्याची पात (३ इंच)
* मोजायचं नाही : मेथी आणि कोथिंबीर. घरभर बी पसरा. धणे हलक्या हाताने चोळून दोन फाका करा, मगच पेरा.
* ऊन : पालेभाजीला रोज निदान चार-पाच तास, फळभाजीला सहा ते आठ. सुट्टीच्या दिवशी दर तासाला खडूने उन्हाची कड आखा, खरं काय ते कळेल.

भोगीच्या दिवशी

आता तुमच्या मनातला प्रश्न. पैसे वाचले का? नाही, बॉस! पेटी आणि मिश्रण मिळून खर्च झाला बेचाळीसशे रुपये. तीन महिन्यांत भाजी निघाली पावणेआठ किलो. आप्पांनी प्रत्येक जुडी किचनच्या वजनकाट्यावर मोजून माझ्या जुन्या डायरीत लिहिली, त्यामुळे आकडा पक्का. मंडईत ती सातशे रुपयांच्या आत आली असती. पेटी आणखी काही वर्षं चालेल, खर्च हळूहळू भरून निघेल, पण ‘भाजीचं बिल शून्य’ वगैरे स्वप्नं बघू नका. सोळा घरांत दोन माणसांची कोथिंबीर, मिरची आणि आठवड्याला एक पालेभाजी निघते. बाकीसाठी पिशवी घेऊन खाली जावं लागतंच.

भोगीच्या सकाळी सेक्रेटरी काका टॉर्च घेऊन गच्चीवर आले. विटांमधून खाली वाकून त्यांनी कोबा तपासला. कोरडा. मग माझ्या बेडरूमचं छत तपासलं. तेही कोरडं. त्यानंतर त्यांनी विचारलं, ‘‘त्या मेथीच्या जागी आता काय लावणार?’’ मला वाटलं हा खोचक प्रश्न आहे. पण त्यांच्या पत्नीला तिथे पुदिना हवा होता.

सोसायटीने वर्षभराची परवानगी दिली आहे, आणखी एका पेटीसकट. अट एकच, दुसरी पेटीही बीमवर आणि विटांवर. त्या पेटीतली घरं मजल्यांना वाटून दिली आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या आयटीवाल्या जोडप्याने मागितलेलं घर लगेच परत केलं, कारण त्यांना ‘वेळ नाही’. मग ते पहिल्या मजल्यावरच्या शाळकरी मुलीला मिळालं. ती रोज संध्याकाळी गाजर आलं का बघायला माती उकरते. येईल कसं?

भोगीची भाजी त्या दिवशी आमच्याच पेटीतून झाली. गाजर, घेवडा, कांद्याची पात, हिरवी मिरची. वांगी मात्र मंडईतून. बाजरीची भाकरी मोडताना आप्पा म्हणाले, ‘‘मी रविवारी गावाला जातो.’’

माझ्या पोटात गोळा आला. तीन महिन्यांत ते सोफ्यावर बसलेलेच मी पाहिले नव्हते. ‘‘का? इथे बरं नाही वाटत का तुम्हाला?’’

‘‘बरं वाटतंय म्हणून तर जातोय. सुताराला सांगितलंय. दारात एक पेटी करायची. चार बाय चार, पर कमरंएवढी उंच. खाली बसायला लागू नये अशी. शेत वाट्यानं हाय ते हाऊ दे. तेवढं तरी मी स्वतः करीन.’’

रविवारी स्वारगेटला मी त्यांना एसटीत बसवलं. पिशवीत पर्लाइटची गोणी होती, कारण गावात मिळत नाही. आता रोज रात्री फोन येतो. पहिला प्रश्न माझ्या तब्येतीचा नसतो. ‘‘रिकाम्या घरात काय लावलंस?’’ हा असतो.

तर मंडळी, येत्या वीकएण्डला मॉलमध्ये चक्कर मारायच्या आधी एकदा आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊन या. खिशात खडू आणि टेप असू द्या. ऊन मोजा, जागा मोजा, बीम विचारून घ्या. सोळा घरं जमणार नसतील तर चार करा. पण एका रविवारी एकच घर पेरा. मेथीचं पिठलं सलग पाच दिवस खाल्लेल्या बाईचा सल्ला आहे हा!